‘जमत नाही’ म्हणणारा ड्राइव्ह बरा

लिनक्सवर सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह मध्येच गचकला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. पहिला म्हणतो, "तरी सांगत होतो, फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम ती, ड्रायव्हर धड असणारेत का?" दुसरा म्हणतो, "मॅन्युअल वाच." पहिल्याने आरोपी आधीच ठरवलेला असतो आणि दुसऱ्याला आपल्याशी बोलायचंच नसतं. मला दोघांचाही सारखाच कंटाळा आहे.

तुम्ही म्हणाल, आता डीव्हीडी वापरतं कोण? बरोबर आहे, बहुतेक नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. पण जरा घरातल्या कपाटाचा वरचा खण उघडून बघा. ताईच्या लग्नाची डीव्हीडी, आजोबांच्या एकसष्टीची सीडी, बाबांनी हौसेने राइट करून ठेवलेले फोटो. दुसरी कॉपी कुठेच नाही, आणि घरी राइट केलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षागणिक खराब होत जातो. म्हणजे ड्राइव्ह का अडकतोय हे शोधणं हा काही नुसता रिकामटेकडा उद्योग नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘एरर आली म्हणजे ड्रायव्हर बिघडला’ हे समीकरणच चुकीचं आहे. बऱ्याचदा एरर देणं हेच ड्रायव्हरचं काम असतं. खरा घोटाळा होतो तो एरर द्यायला हवी तिथे कुणी दिली नाही म्हणजे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण २००३ सालचं आहे. त्या वर्षी मँड्रेक लिनक्सची ९.२ ही आवृत्ती आली आणि ती इन्स्टॉल करताना काही लोकांचे एलजीचे सीडी-रॉम ड्राइव्ह चक्क मेले. नुसते अडकले नाहीत, बंदच पडले! साहजिकच बोंब झाली, ‘लिनक्स हार्डवेअर जाळतं’. मग लोकांनी खोलात जाऊन पाहिलं. मँड्रेकने कर्नलमध्ये पॅकेट रायटिंगचा एक पॅच घातला होता. त्यातून ड्राइव्हला ‘फ्लश कॅश’ ही कमांड जात होती. तिचा प्रमाणित अर्थ साधा आहे : लिहायचा राहिलेला डेटा आत्ता डिस्कवर उतरव. फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हला तिचा काही उपयोग नाही, त्याने ‘ही कमांड मला येत नाही’ असं उत्तर द्यावं आणि विषय संपवावा. पण त्या ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये हीच कमांड नवीन फर्मवेअर चढवण्यासाठी वापरलेली होती. झालं! ड्राइव्हने इमानेइतबारे स्वतःचंच डोकं पुसून टाकलं.

आता सांगा, दोष कुणाचा? नियम मोडला तो फर्मवेअरने. पण कर्नल बनवणाऱ्यांनीही फक्त वाचणाऱ्या ड्राइव्हला ती कमांड पाठवायची गरज नव्हती. मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. कोणती कमांड गेली हे उघड्या कोडमुळे कुणालाही तपासता आलं, म्हणून निदान झालं. नाहीतर ‘तुमचा ड्राइव्ह जुना झाला असेल’ यावर प्रकरण मिटलं असतं.

तर मंडळी, ड्राइव्ह अडकला की शिव्या घालण्याआधी टर्मिनलमध्ये डीमेसेज ही कमांड द्या (बहुधा सुडो लागेल) आणि शेवटच्या पन्नासेक ओळी वाचा. त्यात ‘सेन्स की’ नावाचा प्रकार दिसेल. ते म्हणजे ड्राइव्हने दिलेलं उत्तर. ‘मीडियम एरर’, म्हणजे क्रमांक ३, असेल तर ड्राइव्हला डिस्क वाचता येत नाहीये : ओरखडा, बुरशी, नाहीतर उडालेला थर. ‘हार्डवेअर एरर’, क्रमांक ४, असेल तर ड्राइव्हच थकलाय. आणि ‘इल्लीगल रिक्वेस्ट’, क्रमांक ५, हे ते ‘मला येत नाही’. २००३ साली त्या ड्राइव्हने एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

यूएसबीचा ड्राइव्ह असेल आणि लॉगमध्ये ‘डिस्कनेक्ट’ दिसत असेल तर आधी वायर बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपियर देतं, आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना काही ड्राइव्ह त्याहून जास्त मागतात. काहींच्या वायरला दोन यूएसबी टोकं असतात ती उगीच नाही.

हे सगळं सोडून लॉगमध्ये ‘ऊप्स’ आणि खाली फंक्शनच्या नावांची लांबलचक यादी आली, किंवा प्रोसेस १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची ओळ दिसली आणि ती किल करूनही मरेना, तर मात्र ड्रायव्हरवर संशय घ्या. खुशाल घ्या. पण मग तो नीट लिहून कळवा : कर्नलची आवृत्ती, ड्राइव्हचं मॉडेल, लॉग.

कळवल्याने फरक पडतो का? पडतो. पॅकेट रायटिंगचा तोच ड्रायव्हर पुढे लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आला होता. आता कोण वापरतं, म्हणून २०२२ च्या डिसेंबरात तो काढून टाकला. वापरणारे अजून आहेत हे कळल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तो परत घेतला. गप्प बसणारा वापरकर्ता डेव्हलपरच्या लेखी नसतोच, हे आपण ऑफिसात रोज बघतो की!

लिनक्सवाल्यांनाही एक टोमणा हवाच. एवढी प्रामाणिक उत्तरं कर्नल देतो आणि डेस्कटॉपवर काय दिसतं? ‘डिस्क माउंट करता आली नाही.’ बस्स. ज्या माणसाला टर्मिनल माहीत नाही त्याने काय करायचं? कोड खुला असून उपयोग काय, जर एरर बंद पेटीत असेल?

असो. डिस्क महत्त्वाची असेल तर ड्रायव्हरचं भांडण नंतर मिटवा, आधी कॉपी काढा. त्याच खराब जागी ड्राइव्हला पुन्हा पुन्हा डोकं आपटायला लावू नका. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आधी चांगला भाग वाचून घेतो, वाईट भाग शेवटी ठेवतो आणि कुठवर आलो त्याची फाइल लिहितो (सेक्टर २०४८ बाइटचा हे त्याला सांगा, आणि ऑडिओ सीडीला तो चालत नाही). त्या फाइलच्या जोरावर उरलेलं काम मित्राच्या ड्राइव्हवरही पुरं करता येतं. एका ड्राइव्हला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला कधीकधी येतं. पण त्यासाठी पहिल्याने ‘इथे मला जमत नाही’ हे खरंखरं सांगायला हवं. ड्रायव्हरकडून मी तरी एवढीच अपेक्षा ठेवतो.