वेळ कोणाच्या सोयीची?

प्रौढ साक्षरतेचा वर्ग दुपारी ३ वाजता भरवायचा आणि तो रिकामा राहिला की ‘लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही’ असा शेरा मारायचा, ही रीत आम्हाला मान्य नाही. गोंदिया जिल्ह्याचेच पाहा. येथील कष्टकरी बाई मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचते, मे महिन्यात तेंदूपाने तोडते, पावसाळ्यात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी करते. तिला दुपारी पाटी धरायला सवड कोठून मिळणार?

जोतीराव फुले यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. या मंडळींनी शिकणाऱ्याचा दिवस आधी पाहिला, वेळापत्रक मागाहून आखले. २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात तर शिकवणारे स्वयंसेवक आहेत. मग कचेरीच्या वेळेचा हट्ट कशासाठी?

‘प्रत्येकाची मर्जी कशी सांभाळणार?’ असे कोणी विचारील. सर्वांची सांभाळता येणार नाही हे खरे. पण विचारता तर येईल! घरोघर विचारावे आणि जिला सर्वांत कमी सवड, तिच्या सोयीची वेळ आधी धरावी. रोवणीच्या दिवसांत वर्गाला सुटी द्यावी, ती पुढे भरून काढावी. आपल्या धर्मग्रामांतील शिबिरांनाही हाच न्याय लावावा. शिकणाऱ्याला न विचारता वेळ ठरविणाऱ्याने रिकाम्या वर्गाचा दोष त्याच्या माथी मारू नये.