सीझन कुणाचा?

आमचा अमेरिकन मॅनेजर सप्टेंबर लागला की सोमवारच्या कॉलवर आधी त्याच्या फुटबॉल टीमबद्दल बोलतो, मग बग्जबद्दल. अठरा आठवड्यांत सतरा मॅचेस, शिवाय प्लेऑफ. परवा विचारलं, "तुझ्या गावची टीम कुठली?" मी धाराशिवचा. म्हटलं, आमच्याकडे खो-खो. पुढे काय सांगणार, कप्पाळ!

व्यावसायिक लीग खो-खोलाही आहे की. अल्टिमेट खो-खो. 2022 मध्ये पुण्यात पहिला सीझन झाला, सहा टीम, तीन आठवड्यांत खेळ खल्लास. फायनल ओडिशाने तेलुगू योद्धाजवर 46-45 अशी मारली. मॅच झकास होती, नाही म्हणत नाही. दुसरा सीझन डिसेंबर 2023 पासून कटकला. आणि दोन्ही सीझन फक्त पुरुषांचे!

आता आमच्या जिल्ह्याच्या पोरी बघा. सारिका काळे, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, 2020 चा अर्जुन पुरस्कार. अश्विनी शिंदे, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघात. फायनलला नेपाळला 78-40 असं धुतलं.

"बायकांच्या मॅचला मार्केट नाही" हे उत्तर मला तोंडपाठ आहे. अहो, दुकानात माल ठेवलाच नाही तर गिऱ्हाईक येणार कुठून? क्रिकेटवाल्यांनी 2023 मध्ये महिला प्रीमियर लीग काढलीच ना? तेवढा पैसा खो-खोत नाही, कबूल. पण निदान दोन टीम?

असो. येत्या सोमवारी मॅनेजरला विश्वचषकाची फायनल दाखवणार आहे. "यातली तुझ्या गावची पोरगी एरवी कुठल्या टीमकडून खेळते?" असं विचारलं तर मात्र पंचाईत.