योगासनांचे गुण कोणाच्या हाती?

डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने योगासनाला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. 2022 साली गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हा खेळ आला. 'योग ही साधना आहे, तिची स्पर्धा कसली?' असा गळा काही मंडळी काढतात. आम्हाला मात्र खेळ झाला तेच बरे वाटते. साधनेचे मठ असतात आणि मठांना मालक असतात. खेळाला नियम असतात व ते सर्वांना सारखेच लागू करावे लागतात.

तथागतांनी देहदंड सोडून मध्यम मार्ग धरला. तेव्हा आसनांतून मोक्ष शोधण्याचे आम्हाला कारण नाही. आसन हा व्यायाम आहे आणि व्यायामाला जात नसते. याच मावळ तालुक्यात, लोणावळ्याला, 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून आसनांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. त्याला शंभर वर्षे झाली. त्याच तालुक्यातील परंदवडीसारख्या गावात, मजुरी करणाऱ्या आईबापाच्या मुलीपर्यंत त्यातले काय पोहोचले, हा आमचा सवाल आहे.

सवाल पदकाचाही आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे मान्य खेळातील पदकाला भाकरीची किंमत असते. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ निकाल देते, पण योगासनात परीक्षकाचा डोळा निकाल देतो. तोल, ठेवण, सफाई यांचे गुण माणूस देतो. मग तो माणूस कोण, हे विचारायला नको काय?

आमचा अनुभव जुना आहे. पुण्याच्या मैदानावर राबणारे पळवणकर बाळू यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. त्यांची फिरकी सर्वांना दिसत होती. तरीही चर्मकार म्हणून त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. बळी मोजता येतात, तिथेही असे घडले. जिथे सारे नजरेवर चालते, तिथे आम्ही डोळे मिटून विश्वास कसा ठेवावा?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक परीक्षकाचे गुण तिथल्या तिथे फलकावर लागावेत आणि परीक्षक सर्व समाजांतून घ्यावेत. जिल्हा परिषदेच्या शाळांना चटया आणि प्रशिक्षित शिक्षक मिळावेत. आणि शाळेत आसनांच्या आडून मंत्रपठण लादले जाऊ नये, कारण संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास संविधानाच्या कलम 28 ने मनाई केली आहे.

पण केवळ मागण्या करून भागणार नाही. परंदवडीहून जवळच असलेल्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मावळात आज ठिकठिकाणी विहारे आहेत. रविवारी सकाळी वंदना झाली की सतरंजी गुंडाळण्याआधी तासभर मुलामुलींना तिच्यावरच आसने शिकवा. शिकवणारा गावात नसेल तर बाहेरून आणा. तालुक्याच्या स्पर्धेत आपल्या मुलांची नावे घाला आणि गुणपत्रक मागून घ्या. बहिष्कार घालून मैदान दुसऱ्याच्या हवाली करणे आम्हाला मान्य नाही. आमची मुले चटईवर उतरली पाहिजेत आणि उद्या परीक्षकाच्या खुर्चीवरही बसली पाहिजेत.