तुळईतला पाऊस

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग परिसरातील वाड्यांमधल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पडलेल्या माडाच्या खोडावरील पानांचे वण मोजून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. कोणत्या वर्षी पाऊस ओढून धरला आणि कोणत्या वर्षी तो लांबला, हे मात्र माड सांगू शकत नाही. नारळ, पोफळ, ताड ही झाडे गवताच्या नात्यातली. त्यांच्या खोडात दरसाल वलय पडत नाही.

सागाचे तसे नाही. रोहा, माणगाव, महाडच्या डोंगरउतारांवरचा साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने झाडतो आणि त्याची वाढ थांबते. पावसाच्या सुरुवातीला तो पुन्हा पालवतो तेव्हा मोठमोठ्या छिद्रांचे, मऊसर लाकूड तयार होते. पुढे छिद्रे बारीक होत जातात आणि लाकूड घट्ट होते. सुताराला रंध्यामागून दिसणारी रेघ ती हीच. एक रेघ म्हणजे एक वर्ष. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांत ही रेघ पुसट असते किंवा फसवी असते. सागात ती नुसत्या डोळ्यांना दिसते, म्हणून पावसाचा जुना इतिहास शोधणाऱ्यांना दक्षिण आशियात सागाचा मोठा आधार वाटतो.

या शास्त्राचा पाया घालणारे ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा मागोवा घेताना ते अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतात पाइनच्या खोडांपर्यंत पोहोचले. आपल्याकडे हे काम पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत रुजले. जी. बी. पंत आणि हेमंत बोरगावकर यांनी सागाच्या वलयांवरचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला, तो ठाणे भागातल्या झाडांचा, म्हणजे रायगडच्या शेजारचाच. पुढे २०१० मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी केरळमधील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका मांडली. एल निनोच्या आणि अपुऱ्या मोसमी पावसाच्या वर्षांशी अरुंद वलयांचे नाते त्यात दिसले. पर्जन्यमापकाच्या नोंदी कुलाब्यासारख्या जुन्या केंद्रावरही जेमतेम पावणेदोनशे वर्षे मागे जातात. सागाने त्यापुढे आणखी तीन शतके दाखवली.

ज्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे झाडाला दुष्काळ कसला, हा प्रश्न रास्त आहे. जुलैत पाऊस दोन हजार मिलिमीटर झाला की बाराशे, याचे सागाला फारसे सोयरसुतक नसते. मुळाशी पाणी पुरेसे असतेच. त्याला फरक पडतो तो पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना. जूनचा पाऊस कधी टिकून लागला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर जमिनीत ओल किती काळ राहिली, यावर त्याचा वाढीचा काळ ठरतो. मध्य भारतातील सागाच्या अभ्यासांतही वलयाची रुंदी पावसाच्या आकड्याइतकीच जमिनीतल्या ओलीशी जोडलेली आढळली आहे. रायगडच्या गावांची अडचणही नेमकी हीच आहे. इथे पाऊस कमी पडत नाही. तो पडतो, खडकावरून खाडीत जातो आणि एप्रिल-मेमध्ये वाड्या-वस्त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ओल किती टिकली याची नोंद पर्जन्यमापक ठेवत नाही, झाड मात्र ठेवते. या जिल्ह्यात वलयांचे मोल आहे ते यासाठी.

त्याच्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. २६ जुलै २००५ चा किंवा जुलै २०२१ चा महाडचा पूर वलयाच्या रुंदीत सापडणार नाही. एका दिवसाची अतिवृष्टी झाडाच्या वर्षाच्या हिशेबात विरून जाते. दरडींचे थोडे वेगळे आहे. दरडीने कललेले किंवा खरचटलेले झाड जगले तर त्याची वलये एका बाजूला जाड होतात, जखमेची खूण आत राहते. आल्प्समध्ये त्यावरून जुन्या दरडींची वर्षे काढतात. शिवाय अरुंद वलय म्हणजे अवर्षणच असेही नाही. पावसाच्या सुरुवातीला सागाची कोवळी पाने अळ्यांनी खाऊन चाळणी केली तरी त्या वर्षी वाढ खुंटते. उलट शेजारचे ऐन-किंजळ राबासाठी खांडले की सागाला ऊन मिळते आणि पाऊस बेताचा असूनही वलय रुंदावते. म्हणूनच एका झाडावर कोणी विसंबत नाही. अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून पाहिली जातात, आणि सगळीकडे सारखी दिसणारी खूणच हवामानाची मानली जाते.

अडचण इथेच येते. कोकणात पुष्कळ वयाचे उभे साग फारसे उरलेले नाहीत. आरमारासाठी, गोदीसाठी, घरांसाठी साग शतकानुशतके तुटत आला. आज दिसतो त्यातला बराचसा खुंटाच्या फुटव्यातून आलेला. जुनी वलये शिल्लक आहेत ती घरांत: तुळया, खांब आणि वाशांत. आणि ती घरे भराभर उतरत आहेत. वाडा पाडला की लाकूड जुन्या मालाच्या वखारीत जाते, तिथे त्याचे टेबल होते किंवा फळ्या. लाकूड वाया जात नाही हे चांगलेच. पण ते कोणत्या गावचे, कोणत्या घरातले हा धागा वखारीत तुटतो, आणि मग वलये असूनही ती मुकी होतात.

तुळईचेही प्रश्न आहेत. चौकोनी करताना बाहेरची वलये तासली गेलेली असतात, त्यामुळे झाड तुटल्याचे नेमके वर्ष हाती लागत नाही. लाकूड इथले, मलबारचे की बर्मा टीक, हेही ठरवावे लागते. मात्र म्यानमारच्या सागाची सुमारे तीन शतकांची मालिका २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आहे आणि केरळची तर आहेच. त्यांच्याशी ताडून लाकूड कुठून आले असावे याचा माग लागू शकतो. कोकणाची स्वतःची मालिका त्यांच्या शेजारी ठेवण्याइतकी लांब झाली, तर हे ताडणे आणखी भरवशाचे होईल. एडवर्ड कुक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोसमी आशियाच्या दुष्काळांचा नकाशा तयार केला, तो तीनशेहून अधिक ठिकाणच्या वलयांवरून. त्यात द्वीपकल्पीय भारताचा वाटा अगदीच तुटपुंजा होता.

जपून ठेवलेली नोंद कधी कामी येईल हे आधी सांगता येत नाही. कुलाबा वेधशाळेतले चुंबकीय काम १९०४ मध्ये, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, अलिबागला हलले. त्याच कुलाब्याने सप्टेंबर १८५९ मधले प्रचंड सौरवादळ कागदावर टिपले होते, आणि त्या कागदाचा पुरा उपयोग झाला तो २००३ मध्ये, वादळाची तीव्रता ठरवताना. ती पाने रद्दीत गेली असती तर ते वादळ किती मोठे होते हे इतक्या ठामपणे सांगता आले नसते.

वन विभाग परवानगीने होणाऱ्या तोडीत प्रत्येक मोठ्या सागाच्या बुंध्याची एक चकती ठेवू शकतो. महामार्गाच्या रुंदीकरणात गेलेल्या झाडांबाबतही हे करता आले असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, पुण्यात वलये वाचणारी माणसे आहेत. नमुने गोळा करून देण्याची जबाबदारी जिल्हा पातळीवर कोणाकडे तरी सोपवायला हवी. उभ्या झाडासाठी तर चकतीही लागत नाही. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी काढतात आणि झाड जगते. घर उतरवणाऱ्यांकडून अपेक्षा एवढीच, की तुळई विकण्यापूर्वी दोन-तीन बोटे जाडीचा एक काप काढावा, शक्यतो बाहेरची साल किंवा पांढरे लाकूड राहिले असेल त्या टोकाचा, आणि त्यावर गाव, घर बांधल्याचे माहीत असलेले साल व काप काढल्याची तारीख लिहावी. कोकणात घरे उतरवण्याचे काम दिवाळीनंतर सुरू होते. त्याआधी ग्रामपंचायतींपर्यंत एक साधे परिपत्रक पोहोचायला काही हरकत नाही.