निवृत्तिवेतनातील वेतन

७ ऑक्टोबर २००८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या शिक्षण व श्रम समितीपुढे एक सुनावणी झाली. जॉर्ज मिलर हे समितीचे अध्यक्ष होते. लेहमन ब्रदर्सचे दिवाळे जाहीर होऊन त्या वेळी तीन आठवडे लोटले होते आणि वित्तसंस्थांच्या साहाय्यासाठी ७०,००० कोटी डॉलरांचा कायदा होऊन अवघे चार दिवस. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे तत्कालीन संचालक पीटर ऑर्झॅग यांनी समितीला सांगितले की, मागील पंधरा महिन्यांत देशातील निवृत्तिनिधींचे मूल्य सुमारे २ लाख कोटी डॉलरांनी घटले आहे. बँकांच्या तोट्याची चर्चा तोवर जगभर चालू होती. हा दुसरा तोटा मात्र कोणत्याही एका ताळेबंदात ठळकपणे दिसत नव्हता. त्याचा मोठा भाग नोकरदारांच्या घरी टपालाने जाणाऱ्या तिमाही खातेपत्रकांत विखुरलेला होता.

ही पत्रके ज्या योजनेची, तिचे नाव ४०१ (के). वार्धक्याच्या तरतुदीला करकायद्यातील कलमाचा क्रमांक हेच नाव मिळावे, यातच तिच्या जन्माची कथा आली. १९७८ च्या महसूल कायद्यात हे कलम घालण्यात आले ते विलंबाने घेतल्या जाणाऱ्या मिळकतीवर कर कसा आकारावा या प्रश्नाच्या संदर्भात. सबंध राष्ट्राच्या श्रमिकवर्गाची म्हातारपणाची सोय त्यातून व्हावी, असा विचार त्यामागे नव्हता. पेनसिल्व्हेनियातील टेड बेना या सल्लागाराने १९८० च्या सुमारास त्या कलमाचा सर्वसामान्य नोकरदारासाठी उपयोग करता येईल हे हेरले. पगारातून वर्गणी कापून घ्यायची, मालकाने तीत काही भर घालायची आणि जमलेला पैसा कोणत्या फंडात ठेवायचा हे नोकरदाराने ठरवायचे, अशी ही योजना. पुढील दोन दशकांत अमेरिकेच्या खाजगी उद्योगांतील बहुतेक ठिकाणी तिने पेन्शनची जागा घेतली. या व्यवस्थेला आलेल्या गुंतागुंतीबद्दल बेना यांनीच नंतर जाहीर नापसंती व्यक्त केली, ही गोष्ट तिच्या समर्थकांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

जुनी पेन्शन म्हणजे सुवर्णयुग होते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. खाजगी क्षेत्रातील निम्म्याहून अधिक कामगारांपर्यंत ती कधीच पोहोचली नव्हती. १९६३ च्या डिसेंबरात स्टुडबेकर या मोटार कंपनीने इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील कारखाना बंद केला, तेव्हा साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ या वयोगटातील सुमारे ४,००० कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या रकमेचा साधारण १५ टक्के हिस्सा पडला. चाळिशीच्या आतल्यांना काहीच नाही. पेन्शनचे वचन हे वचन देणाऱ्याच्या आयुष्याइतकेच दीर्घ असते, हा धडा शिकायला अमेरिकी काँग्रेसला अकरा वर्षे लागली. १९७४ साली निवृत्तिलाभांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि बुडणाऱ्या पेन्शन योजनांसाठी विमा महामंडळ स्थापन झाले. अवघ्या चार वर्षांनी ते ४०१ वे कलम आले. वचनाला विम्याचा आधार मिळाला, आणि नेमके त्याच सुमारास वचन देण्याची प्रथाच ओसरू लागली.

या संक्रमणात नेमके काय बदलले, हे आर्थिक परिभाषेपेक्षा भाषेच्या अंगाने पाहिले तर अधिक स्वच्छ दिसते. जुन्या योजनेत लाभ निश्चित असे. नव्या योजनेत अंशदान निश्चित असते. 'निश्चित' हे विशेषण एका नामावरून उचलून दुसऱ्या नामावर ठेवले गेले, आणि तेवढ्याने मधली सगळी अनिश्चितता मालकाच्या खांद्यावरून कामगाराच्या खांद्यावर गेली. मराठीत पेन्शनला 'निवृत्तिवेतन' म्हणतात. या शब्दात वेतन आहे, आणि ते योग्यच आहे. नाकारा खटल्याच्या १७ डिसेंबर १९८२ च्या निकालात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली : पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, पूर्वी केलेल्या सेवेचा तो मोबदला होय. हे मान्य केले की ४०१ (के) ची कसोटी सोपी होते. वेतनाचा जो भाग पुढे मिळायचा, तो शेअरबाजाराच्या त्या दिवशीच्या भावाने द्यावा, असे कोणी चालू महिन्याच्या पगाराविषयी म्हटले असते तर ते कोणत्याही कामगार संघटनेने ऐकून घेतले नसते. तीस वर्षांनंतरच्या पगाराविषयी तेच म्हटले गेले, तेव्हा त्याला 'निवडीचे स्वातंत्र्य' हे नाव मिळाले. ('गुंतवणूक' हा मराठी शब्द 'गुंतणे' या धातूवरून आला आहे, ही केवळ व्युत्पत्तीची गंमत म्हणून सोडून देता येत नाही.)

संकटाच्या काळात या योजनेच्या बाजूने सर्वाधिक वेळा मांडलेला युक्तिवाद काळाचा होता. बाजार पडतो तसा वरही येतो, धीर धरावा. विधान म्हणून ते खोटे ठरले नाही. अमेरिकी शेअरांचा पाचशे कंपन्यांचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ च्या शिखरावरून मार्च २००९ पर्यंत सुमारे ५७ टक्के घसरला, आणि मार्च २०१३ मध्ये त्याने जुने शिखर पुन्हा गाठले. परंतु हा काळ कोणाचा? एकाच कारखान्यात, एकाच पगारावर, एकसारखी वर्गणी भरून काम केलेले दोन कामगार कल्पावेत. त्यांच्यातला एक ऑक्टोबर २००७ मध्ये निवृत्त झाला आणि त्याने आपले शेअर विकून २ लाख डॉलर हाती घेतले. दुसरा त्याच्याहून दीड वर्षाने लहान. मार्च २००९ मध्ये त्याच शेअरांचे सुमारे ८६,००० डॉलर आले. ८६,००० चे पुन्हा २ लाख व्हायला ५७ टक्के वाढ पुरत नाही. १३० टक्क्यांहून अधिक वाढ लागते. शिवाय तो थांबू शकत नाही, कारण घरभाडे आणि औषधे थांबत नाहीत. उदरनिर्वाहासाठी त्याने दरमहा जे शेअर पडत्या भावाने विकले, ते २०१३ च्या तेजीत त्याच्या खात्यावर नव्हतेच. बाजार सावरला हे खरे; तो ज्यांच्या नावाने सावरला ती माणसे दुसरी होती.

अशा माणसाने वय वाढेल तसा शेअरांतला पैसा काढून रोख्यांत ठेवायला हवा होता, असे यावर म्हटले जाते. म्हणायला सोपे. गोंदणीच्या यंत्रावर किंवा शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या माणसाने निधिव्यवस्थापनाचा दुसरा व्यवसाय फावल्या वेळात, विनावेतन आणि निष्णातपणे करावा, ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. एन्रॉन २००१ साली कोसळली, तेव्हा तिच्या नोकरदारांच्या ४०१ (के) खात्यांतील अर्ध्याहून अधिक पैसा त्याच कंपनीच्या शेअरांत होता. नोकरी आणि साठवण एकाच वेळी गेली. २००८–०९ मध्ये मालकांनीही एक गोष्ट केली, तिची नोंद घेणे अवश्य आहे. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपली जुळवणीची वर्गणी तात्पुरती बंद केली. म्हणजे शेअर महाग असताना मालकाचा पैसा खात्यात येत होता, आणि ते स्वस्त झाले तेव्हा यायचा थांबला. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते. निवृत्तिवेतनाला वेतन न मानण्याचा तो स्वाभाविक परिणाम होता.

आता सरकारच्या धोरणाकडे पाहावे. हमी देणे सरकारचे काम नाही, ते बाजाराची शिस्त बिघडवते, हे तत्त्व त्या शरद ऋतूत वारंवार उच्चारले गेले. प्रत्यक्षात १६ सप्टेंबर २००८ रोजी एआयजी या विमा कंपनीला ८,५०० कोटी डॉलरांचे कर्ज देण्याचे ठरले. १९ सप्टेंबरला अमेरिकी अर्थखात्याने अल्पमुदतीच्या रोखे-फंडांतील ठेवींना तात्पुरती हमी जाहीर केली आणि त्यासाठी १९३४ साली डॉलरचा विनिमयदर सांभाळण्याकरिता स्थापन झालेला निधी तारण म्हणून पुढे केला. ही हमी चुकीची होती असे नव्हे. ती दिली नसती तर कंपन्यांना पगारवाटपासाठीही पैसा मिळणे कठीण झाले असते. मुद्दा एवढाच की, हमी अशक्य नव्हती. इच्छा झाल्यावर ती काही दिवसांत आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या जुन्या कायद्यातून निघाली.

त्या ७ ऑक्टोबरच्या सुनावणीत टेरेसा गिलार्दुची या अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी हमीचाच प्रस्ताव मांडला होता. पगाराच्या ५ टक्के सक्तीची वर्गणी, ती सरकारी व्यवस्थापनाखाली, महागाई वजा जाता ३ टक्के परताव्याची हमी, आणि धनिकांना अधिक लाभ देणाऱ्या करसवलतीऐवजी प्रत्येकाला सरसकट ६०० डॉलर. ४०१ (के) मधील रक्कम ऑगस्टच्या मूल्याने अशा खात्यात बदलून घेण्याची मुभा खातेदारांना असावी, असेही त्यांनी सुचवले. त्यावर चर्चा होऊ शकली असती. ३ टक्के हमी फार आहे की थोडी, तूट पडल्यास ती कोणी भरायची, हे गंभीर प्रश्न होते. पण निवडणुकीच्या त्या दिवसांत ऐकू आले ते वेगळेच : सरकार तुमची खाती जप्त करणार! प्रस्ताव वाचण्याआधीच तो संपला.

या भीतीला एक खराखुरा आधार मात्र त्याच महिन्यात मिळाला, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. २१ ऑक्टोबर २००८ रोजी अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षा क्रिस्तिना फर्नांदेस दे कर्चनेर यांनी १९९४ पासून चालू असलेले खाजगी निवृत्तिनिधी सरकारी व्यवस्थेत विलीन करण्याची घोषणा केली. नोव्हेंबरात तसा कायदा झाला. वृद्धांना बाजारापासून वाचवण्याचे कारण दिले गेले. सरकारला पैशाची निकड होती, हेही उघड होते. बाजाराच्या लहरीप्रमाणे सत्तेचीही लहर असते. म्हणून हमी हवी असे म्हणणाऱ्याने निधी कोणाच्या ताब्यात, त्यावर कामगारांचे प्रतिनिधी किती आणि सरकारला तो उसना घेता येईल की नाही, याची उत्तरे आधी द्यावी लागतात. ती न देता केलेली हमीची मागणी अर्धवट राहते.

भारताच्या दृष्टीने या सर्व प्रकरणातील एक तारीख विलक्षण आहे. अमेरिकी बाजाराने ९ मार्च २००९ रोजी तळ गाठला; त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ मे २००९ रोजी, अंशदानावर आधारलेली नवी पेन्शन योजना भारतात सर्व नागरिकांसाठी खुली झाली. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना, सैन्यदले वगळता, ती लागू होतीच; महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून आपल्या नव्या कर्मचाऱ्यांना तशीच योजना लावली. जगाने नुकत्याच पाहिलेल्या वस्तुपाठाचा या विस्तारावर काही परिणाम झाल्याचे दिसले नाही. नाव 'पेन्शन' राहिले. आत खाते होते. त्या नावाचा आणि आतल्या वस्तूचा हिशेब कर्मचाऱ्यांनी मांडला तो बराच उशिरा. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लक्षावधी सरकारी कर्मचारी सात दिवस संपावर गेले, तेव्हा त्यांची मागणी एका ओळीची होती : जुनी पेन्शन द्या. अखेर १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत योजनेचा पर्याय दिला. तीत पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे. कर्मचाऱ्याचे अंशदान १० टक्के, सरकारचे १८.५ टक्के. एकवीस वर्षांनी 'निश्चित' हे विशेषण पुन्हा लाभाकडे आले, आणि वर्गणीही राहिली. टीकाकार काहीही म्हणोत, गिलार्दुचींच्या प्रस्तावाचे हे दूरचे नातलग आहे.

पण संपाच्या घोषणांत जे ऐकू आले नाही तेही सांगितले पाहिजे. जुन्या पेन्शनचा सगळा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो, आणि ती तिजोरी भरणाऱ्यांत काडेपेटी-साबणावर कर देणारा शेतमजूरही असतो. त्याला निवृत्तीही नाही आणि वेतनही नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर आपली पुंजी मुलांच्या हवाली करतात आणि तेथून त्यांची परवड सुरू होते. १९७० पासून मराठी मध्यमवर्ग ते नाटक डोळे पुसत पाहत आला आहे. हवाली करायला पुंजीच नसलेल्या म्हाताऱ्याचे नाटक होत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले आणि दहा वर्षांनीही तेवढेच होते. आणि दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना केंद्र सरकार आपल्या हिश्शाचे म्हणून जे निवृत्तिवेतन देते, ते ऐंशी वर्षांच्या आतील व्यक्तीसाठी २००७ साली दरमहा २०० रुपये होते. २०२४ सालीही ते २०० रुपयेच होते.