कूलंट ओतायचं कुठे?

लालबागच्या गल्लीत मित्राने आरसी ३९०चं कूलंट काढलं. कोइमतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे होता. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर पाण्यासारखं चटकन वाळत नाही, मागून येणारा घसरतो. म्हणून तेवढ्यापुरतं रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरायचं. (इंजिन थंड झाल्यावरच, बरं का!) इथवर शाबास. पण काढलेलं कूलंट साहेब थेट उघड्या गटारात ओतायला निघाले! अरे बाबा, ते गोडसर असतं आणि विषारी. कुत्र्याने चाटलं तर किडन्या निकामी होतात. अनोळखी रायडरची एवढी काळजी, आणि चाळीच्या जिन्याखाली झोपणारा मोत्या कुणाचाच नाही?

मी कॅन पुढे केला. तो सध्या हॉस्टेलवर माझ्या खाटेखाली आहे, झाकण घट्ट लावून. वर्कशॉपमध्ये टाकाऊ केमिकल्ससाठी एखादा ड्रम ठेवा ना, सर!