डॉलरची मिरासदारी

१९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, तेव्हा महायुद्ध अजून संपावयाचे होते. कोणत्याही एका राष्ट्राचे चलन जगाचे चलन असू नये, ही केन्स यांची योजना त्यापूर्वीच मागे पडली होती. (केन्स ब्रिटनचे हित विसरले होते, असे मात्र कोणी समजू नये.) ज्याच्या तिजोरीत सोने, त्याचाच डॉलर जगाचे चलन ठरला, औंसाला ३५ डॉलर हा भाव बांधून देण्यात आला.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी हे वचन एकतर्फी मोडले. व्हिएतनाममधील युद्ध आणि परदेशांतील गुंतवणूक यांपायी बाहेर गेलेले डॉलर परक्या बँकांत साचले होते. त्यांच्या बदल्यात द्यावयास सोने पुरेना. एखाद्या व्यापाऱ्याने आपलीच हुंडी अशी नाकारली असती, तर बाजाराने त्याचे दिवाळे जाहीर केले असते. अमेरिकेचे हात मात्र उलट मोकळे झाले.

किंमत इतरांनी मोजली. १९७९ नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख व्होल्कर यांनी स्वदेशातील महागाई रोखण्यासाठी व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेले. लॅटिन अमेरिकेची डॉलरमधील कर्जे बहुतांशी बदलत्या व्याजाची. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात टेकले. निर्णय वॉशिंग्टनचा, कात्री मेक्सिकन कामगाराच्या मजुरीला!

भारतानेही हे भोगले आहे. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. दिल्लीकरांचा बेहिशेबी कारभार त्यास कारण होता, हे खरेच. परंतु त्याहून कितीतरी मोठी तूट दशकानुदशके अंगावर वागविणाऱ्या अमेरिकेला गुंजभर सोनेही गहाण टाकावे लागलेले नाही, कारण तिचे देणे तिच्याच नोटांत फिटते.

डॉलरच्या गादीवर युरो वा युआन बसविणे हा यावरील उपाय नव्हे. त्याने केवळ सावकार बदलेल. २०२२ मध्ये गोठविल्या गेलेल्या रशियन ठेवींचा मोठा भाग युरोपातच होता. समान पायावरील आंतरराष्ट्रीय चलनाचे बीज नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकारांत १९६९ पासून आहे. परंतु निधीतील मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि १६ टक्क्यांहून अधिक मते एकट्या अमेरिकेची आहेत. २०२१ मध्ये ६५० अब्ज डॉलर किमतीचे हे अधिकार वाटले गेले, तेव्हा वाटणी राष्ट्राच्या गरजेवर नव्हे, तर त्याच्या निधीतील हिश्शावर झाली. निम्म्याहून अधिक भाग संपन्न राष्ट्रांच्याच पदरात पडला.